वाफ्यातली घाण आणि पोत्यातलं मांजर

दिवाळी सरली की मी कोथिंबिरीचा वाफा करते. धणे चपलेखाली रगडून त्यांच्या दोन फाका करायच्या, रात्रभर भिजत घालायचे, सकाळी माती खुरप्याने भुसभुशीत करून त्यात शेणखत मिसळायचं आणि धणे पेरून वरून हलका हात फिरवायचा. पुण्यातल्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावरच्या चार घरांना मागे थोडी मोकळी जागा आहे. तिथे माझा एक अळूचा पट्टा, कढीपत्ता, एक पारिजातक आणि हा वाफा. तीन वर्षांपूर्वी पेरणीनंतर तिसऱ्या दिवशी ओल बघायला मी मातीत बोटं घातली आणि ती थेट मांजराच्या शीमध्ये गेली. धणे उकरून एका कोपऱ्यात ढीग झाला होता. साबणाने हात तीनदा धुतले, मग लिंबू चोळलं, मग चिंच. तरी दुपारी जेवताना घास तोंडाशी नेला की तो वास येत होता.

ज्याच्या बाबतीत हे घडलेलं नाही त्याला ही फार क्षुल्लक गोष्ट वाटते. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी लिहिलं तेव्हा दोन तासांत दोन तट पडले. एक म्हणत होता, ‘मुकं जनावर आहे, त्याला काय कळतं, एवढं काय मनावर घेता?’ दुसरा म्हणत होता, ‘पोत्यात घाला आणि खडकवासल्याच्या पुढे सोडून या.’ या दोन्ही उत्तरांनी मला सारखाच त्रास झाला. गेली तीन वर्षं मी याच विषयावर लोकांशी बोलत, वाचत, सभांमध्ये वाद घालत आले आहे, आणि माझं मत आता पक्कं झालं आहे. ज्याच्या वाफ्यात घाण होते त्याची तक्रार शंभर टक्के खरी आहे. ती घेऊन त्याने मांजराला खाऊ घालणाऱ्याच्या दारात जावं आणि सोसायटीच्या सभेत उभं राहावं. मांजराच्या अंगावर तिचा निकाल लावण्याचा अधिकार मात्र कुणालाही नाही.

आधी तक्रारीबद्दल, कारण प्राण्यांवर प्रेम करणारी माझ्यासारखी माणसंच ती सर्वात आधी झटकून टाकतात. माझी सून तेव्हा पाच महिन्यांची गरोदर होती. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा एक परजीवी मांजराच्या शीतून मातीत येतो आणि गरोदर बाईला त्याची पहिल्यांदाच लागण झाली तर पोटातल्या बाळाच्या डोळ्यांना, मेंदूला इजा होऊ शकते. हे खरं आहे. पण त्याबरोबर आणखी काही गोष्टीही खऱ्या आहेत, त्या ग्रुपवर कुणी सांगत नाही. मांजराला ही लागण बहुधा लहान वयात, उंदीर किंवा पाखरू खाल्ल्यामुळे होते. त्यानंतर साधारण एक ते तीन आठवडेच त्याच्या शीतून हा परजीवी बाहेर पडतो, आणि बहुतेक मांजरांच्या आयुष्यात हे एकदाच घडतं. ताजी शी लगेच लागण करू शकत नाही, तिला त्यासाठी एक ते पाच दिवस लागतात. मात्र एकदा तो काळ उलटला की ओल्या मातीत हे जंतू महिनोन्‌महिने टिकून राहतात. म्हणून मांजराला हात लावला की गर्भाला धोका, ही भीती चुकीची आहे, आणि वाफ्यातल्या मातीची भीती रास्त आहे. रोजची घाण त्याच दिवशी उचलली, मातीत हात घालताना हातमोजे घातले, कोथिंबीर भरपूर पाण्यात धुतली, मांस नीट शिजवून खाल्लं, आणि गरोदर बाईने बागकाम आणि ही सफाई दुसऱ्या कुणाकडे सोपवली तर धोका खूप कमी होतो. हे सगळं करायचं कष्ट कुणी घ्यायचे, हा खरा प्रश्न. ज्याच्या घरी मांजर नाही त्याने रोज सकाळी दुसऱ्याच्या मांजराची शी उचलावी, ही अपेक्षा कुणाला न्यायाची वाटत असेल तर त्याने ते पंधरा दिवस करून पाहावं.

आता मी केलेली चूक सांगते. त्या वर्षी मी वाण्याकडून डांबर गोळ्यांचं पाकीट आणलं आणि वाफ्याच्या कडेने गोळ्या टाकल्या. आमच्या आळीत सगळेच टाकतात. कपाटात ठेवतो त्याच गोळ्या, त्यांनी काय होणार, असं मला वाटलं. चौथ्या दिवशी एक पिवळं-पांढरं पिल्लू पारिजातकाखाली बसलेलं दिसलं. तोंडातून लाळ गळत होती, उठायला गेलं की मागचे पाय लटपटत होते. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी त्याला टोपलीत घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच, की जवळपास कुणी डांबर गोळ्या टाकल्या आहेत का. नॅप्थलीनने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, यकृतावर परिणाम होतो. गोळी खाण्याचीही गरज नसते, कारण मांजर दिवसभर स्वतःचं अंग चाटतं आणि पंजाला जे लागतं ते पोटात जातं. त्या संध्याकाळी मी विजेरी घेऊन गोळ्या वेचायला बसले. बावीस टाकल्या होत्या, सतरा सापडल्या. पिल्लू वाचलं. उरलेल्या पाच गोळ्या कुठे गेल्या ते मला कधीच कळलं नाही.

फिनाईलचंही तेच आहे. अनेक जंतुनाशकांत जे फिनॉल असतात ते पचवून बाहेर टाकण्याची ताकद मांजराच्या यकृतात जवळजवळ नसते. माणूस, कुत्रा जे सहन करतो ते मांजराला सहन होत नाही. आपण डोकं दुखलं की घेतो त्या पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. मिरचीपूड पंजाला लागते आणि पंजा डोळ्याला. उंदराचं औषध माशाच्या तुकड्यात घालून ठेवणारी माणसंही मी ऐकली आहेत. त्यातल्या काही औषधांनी प्राणी अंतर्गत रक्तस्राव होऊन तळमळत मरतो, आणि तो तुकडा मांजरच उचलेल, कावळा किंवा खेळायला आलेलं पोर उचलणार नाही, याची हमी कोण देणार? गेटपाशी लाल-निळ्या पाण्याच्या बाटल्या टांगून ठेवण्याचा उपाय यातला एकटाच निरुपद्रवी आहे. पण त्या बाटल्यांना टेकून मांजर झोपलेलं मी पाहिलं आहे.

कायदा काय म्हणतो हे आमच्या सभेत कुणालाच धड माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे. त्याची मुळं राज्यसभेत नियुक्त सदस्य म्हणून गेलेल्या नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी मांडलेल्या खासगी विधेयकात आहेत. सरकार स्वतः विधेयक आणेल असं आश्वासन पंडित नेहरूंनी दिल्यावर त्यांनी ते मागे घेतलं. या कायद्याच्या कलम ११ मध्ये मारहाण, छळ, अपाय करणारं औषध किंवा पदार्थ देणं हे सगळं गुन्हा आहे. त्यातच प्राण्याला उपासमार होईल अशा अवस्थेत विनाकारण सोडून देणं हाही गुन्हा आहे. म्हणजे खडकवासल्याच्या पुढे नेऊन सोडलेलं पोतं हे ‘मारलं थोडंच, सोडून दिलं’ अशा सबबीने सुटत नाही. त्यावरचा दंड मात्र पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये, आणि तो साठ-पासष्ट वर्षांत बदललेला नाही. ही रक्कम बघूनच पोलीस ठाण्यात तक्रार घ्यायला टाळाटाळ होते आणि तक्रारदारही हिरमुसतो. तिथे भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लक्षात ठेवायला हवं. १ जुलै २०२४ पासून ते लागू आहे. कोणत्याही प्राण्याला ठार मारणं, विष घालणं, अपंग करणं यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. जुन्या दंडसंहितेत यासाठी दोन कलमं होती आणि त्यात प्राण्याची किंमत दहा रुपये की पन्नास रुपये हे पाहिलं जायचं. रस्त्यावरच्या मांजराची किंमत कोण लावणार, असा युक्तिवाद त्यामुळे करता यायचा. आता किंमतीची ती अट राहिलेली नाही.

कायद्याच्या दुसऱ्या बाजूला वाफेवाल्याचं काय, हेही विचारायला हवं. शेजाऱ्याच्या वागण्याने आपल्या जागेचा सुखाने उपयोग करता येत नसेल तर उपद्रवाबद्दल दिवाणी न्यायालयात मनाई मागता येते. पण मांजर नेमकं कुणाचं, घाण त्याचीच कशावरून, हे सिद्ध करताना माणसाची दमछाक होते. सार्वजनिक उपद्रवाविरुद्ध दंडाधिकाऱ्यांकडे जाण्याची वाट आहे, पण एका घराच्या कोथिंबिरीसाठी ते दार नाही. सोसायटी ‘मांजर पाळायचं नाही’ असा ठराव करू शकत नाही. पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये सोसायट्यांना कळवलेलं आहे. त्याच सूचनांत पाळणाऱ्यांनी घाण साफ करावी असं आवाहनही आहे. पण ते आवाहन आहे, सक्ती नाही. एकूण काय, कायदा मांजराचा जीव वाचवतो, वाफा वाचवत नाही. वाफा वाचवायचं काम शेजाऱ्यांनी आपसात करायचं आहे.

पोत्याबद्दल थोडं आणखी सांगायला हवं, कारण तो उपाय आपल्याकडे फार जुना आहे आणि भल्या माणसांनाही त्यात वावगं वाटत नाही. मांजर मारलं तर सोन्याचं मांजर करून काशीला दान द्यावं लागतं, असं माझी आजी म्हणायची. म्हणून कुणी मारायचं नाही, नदीपलीकडे सोडायचं. पाप आपल्या अंगाला लागू नये एवढीच सोय त्यात होती. मांजर हा स्वतःच्या ठरलेल्या हद्दीत राहणारा प्राणी आहे. कुठल्या भिंतीवरून उडी मारायची, कुठल्या दारात भाकरीचा तुकडा मिळतो, कुठला बोका अंगावर येतो, हे सगळं त्याच्या डोक्यात बसलेलं असतं. अनोळखी ठिकाणी सोडलं की यातलं काहीच त्याच्यापाशी उरत नाही. काही मांजरं परत यायला निघतात आणि हमरस्त्यावर गाडीखाली येतात, काही तिथल्या बोक्यांकडून, कुत्र्यांकडून फाडली जातात, काही उपाशी मरतात. आणि इकडे सोसायटीत खाणं तसंच पडत असतं, म्हणून रिकाम्या झालेल्या जागी महिन्याभरात नवं मांजर येतं. ते आलं की पुन्हा पोतं. आमच्या शेजारच्या इमारतीत हा प्रकार वर्षानुवर्षं चालू आहे आणि त्यांची मांजरं एकानेही कमी झालेली नाहीत.

मग मांजर कुणाचं? सगळा वाद इथे येऊन अडतो. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू संध्याकाळी साडेसहाला ताटलीत दूधभात आणि सुकटीचे चार तुकडे घेऊन जिन्यात येतात. त्या येण्याआधी पाच मिनिटं मांजरं रांगेने बसलेली असतात. पिल्लाला बरं वाटल्यावर मी काकूंच्या दारात गेले. माझ्या गोळ्यांचं आधी सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग मी म्हटलं,

“काकू, माझं चुकलंच. पण तुमची मांजरं रोज माझ्या वाफ्यात घाण करतात, त्याचं काय करायचं?”

“अगं, माझी कुठली? येतात बिचारी, दोन घास घालते इतकंच.”

“दोन घास कोण घालतं ते त्यांना बरोबर कळतं. तुम्ही जिन्यात आलात की ती उठून उभी राहतात. ती तुमचीच आहेत, काकू.”

त्यांना ते लागलं. पण मला तेच म्हणायचं होतं आणि आजही म्हणायचं आहे. रोज ठरल्या वेळी खाऊ घालणं हे पाळणंच आहे. पुण्य खाऊ घालणाऱ्याला आणि शी खालच्या घराला, अशी वाटणी चालत नाही. जो खाऊ घालतो त्याने त्या प्राण्याच्या बाकीच्या आयुष्याचीही सोय पाहायला हवी, म्हणजे त्याची शी, त्याची पिल्लं, त्याचं आजारपण. पुण्या-मुंबईत हजारो इमारतींत एक काकू किंवा एक आजोबा हे काम एकट्याने, स्वतःच्या पेन्शनमधून, शेजाऱ्यांची बोलणी खात करत असतात. त्यांच्यावर ओरडणं सोपं आहे. त्यांना मदत करायला कुणी पुढे येत नाही. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत.

नसबंदीचा विषय काढल्यावर काकू म्हणाल्या, “तिचं आई होणं हिरावून घ्यायचं म्हणजे पाप गं.” त्या पावसाळ्यात आमच्या भाटीला, म्हणजे मांजरीला, चार पिल्लं झाली होती. एक पार्किंगमध्ये चाकाखाली गेलं, एकाला कुत्र्याने धरलं, एक सर्दीने डोळे चिकटून मेलं. तिन्ही काकूंनीच माझ्या पारिजातकाखाली पुरली होती, खड्डे मी खणले होते. चौथं ते गोळ्यांचं. मी त्यांना एवढीच आठवण करून दिली. भाटी पाच-सहा महिन्यांची झाली की माजावर येते, साधारण दोन महिन्यांनी विते, वर्षाला दोन-तीन वेळा. एका भाटीमागे वर्षाला आठ-दहा पिल्लं धरा, आणि त्यातली किती जगतात ते इमारतीतल्या पोरांना विचारा, त्यांना नावांसकट माहीत असतं. आई होण्याचं सुख म्हणून आपण ज्याकडे बघतो त्यात त्या मांजरीच्या वाट्याला काय येतं, हे रोज खाऊ घालणाऱ्या माणसाइतकं कुणालाच ठाऊक नसतं. काकू तयार झाल्या त्या माझ्या बोलण्याने नाही, त्या तीन खड्ड्यांमुळे.

सभेतली लढाई यापेक्षा अवघड होती. ‘सोसायटीच्या पैशातून मांजरांचे लाड कशाला? ज्यांना हौस आहे त्यांनी करावं.’ हा आक्षेप मी आजवर निदान पाच सोसायट्यांमधून ऐकला आहे आणि तो वरवर अगदी रास्त वाटतो. पण आपण डासांच्या धुरळणीचे पैसे मेंटेनन्समधून देतो, ड्रेनेज तुंबलं की देतो, पारव्यांसाठी जाळ्या बसवायला देतो. ते करताना डास कुणाच्या कुंडीत वाढला हे विचारत नाही, कारण त्रास सगळ्यांचा आहे. रात्री अडीचला बोक्यांचं भांडण सुरू झालं की सगळ्या विंगा जाग्या होतात. गाडीच्या चाकावर, जिन्यात, दारातल्या पायपुसण्यावर बोका फवारा मारतो त्याचा वास सगळ्यांच्या नाकात जातो. नसबंदी केली की दहातल्या नऊ बोक्यांचं हे फवारणं कमी होतं किंवा थांबतं, आणि भांडणंही. हा खर्च सोसायटीच्या सोयीचा आहे. एकट्या काकूंवर तो टाकला तर त्या दोन भाट्यांचं करतील, तिसरीच्या वेळी पैसे संपतील आणि तिसरी वर्षभरात सगळा हिशेब पुन्हा पहिल्यावर आणेल. अर्धवट नसबंदी म्हणजे गळक्या हंड्यात पाणी भरणं.

आमच्याकडे सात मांजरं निघाली, चार भाट्या आणि तीन बोके. खर्चाचे दोन भाग केले, एक सोसायटीचा आणि एक वर्गणीचा. काकूंनी सलग चार दिवस पिंजऱ्यातच खायला ठेवलं, दार बांधून उघडं ठेवलेलं, म्हणजे मांजरांची भीती मोडली. पाचव्या दिवशी दार सोडलं. शस्त्रक्रियेनंतर डाव्या कानाचं टोक थोडं कापतात, भूल असतानाच, म्हणजे कुणाचं झालं आणि कुणाचं राहिलं हे लांबूनही कळतं. भाट्यांना जखम भरेपर्यंत काही दिवस आत ठेवावं लागतं. त्यासाठी क्लब हाऊसमागची अडगळीची खोली मिळाली. ती मिळवायला जेवढा वाद झाला तेवढा पैशांवरूनही झाला नव्हता.

नसबंदी झालेलं मांजर शी करायचं थांबत नाही, हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण प्राणिप्रेमी मंडळी हे सांगायला विसरतात आणि मग वाफेवाला फसवलं गेल्यासारखा चिडतो. त्या कामाला दुसरा उपाय लागतो आणि तो मांजराची नजर ओळखून शोधावा लागतो. आपल्या घरगुती मांजराचे पूर्वज आफ्रिका आणि पश्चिम आशियाच्या कोरड्या मुलखातले रानमांजर. कोरडी, भुसभुशीत, उकरता येईल आणि पुन्हा झाकता येईल अशी माती त्याला हवी असते. पेरणीसाठी मी जो वाफा करते तो नेमका तसा असतो. पावसाळ्यात सगळीकडे चिखल झाला की तीच मांजरं वळचणीखालच्या, कोकोपीट भरलेल्या कोरड्या कुंड्या शोधून काढतात. म्हणून पेरणी झाली की मी वाफ्यावर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती तारेची जाळी आडवी पसरते आणि कडांना विटा ठेवते. जाळीवर पंजा ठेवून उकरता येत नाही, मांजर वास घेऊन निघून जातं, आणि कोंब जाळीतून वर येतात. रोपं दाट झाली की जाळीची गरज संपते. अळूच्या बुंध्याशी करवंट्या पालथ्या दाटीने मांडल्या आहेत. पाणी सकाळऐवजी संध्याकाळी घालते, म्हणजे रात्री माती ओली असते. जिथे आधी घाण झाली तिथला वरचा चार बोटं थर काढून टाकावा लागतो, नाहीतर वासावर ती पुन्हा तिथेच येतात. मुताच्या जागी ब्लीच ओतू नये. मुतातल्या अमोनियाशी त्याचा संबंध आला की डोळे-घसा जाळणारा वायू निघतो.

पण वाफा बंद केला आणि दुसरी जागा दिली नाही तर घाण फक्त शेजारच्या घरी जाते. म्हणून पाण्याच्या टाकीमागे, वर जुना पत्रा टाकून, एक मोठा प्लास्टिकचा टब वाळूने भरून ठेवला. पहिल्या आठवड्यात वाफ्यातली थोडी घाणेरडी माती मुद्दाम त्यात मिसळली. दहाव्या दिवशी टबात पहिल्यांदा उकरल्याच्या खुणा दिसल्या तेव्हा मी काकूंना खालूनच हाक मारली. रोज सकाळी सुपलीने टब साफ करायचं काम काकूंचं, रविवारी माझं. ती घाण कंपोस्टच्या खड्ड्यात जात नाही, कागदात गुंडाळून वेगळी टाकतो, कारण ते खत पुन्हा भाजीलाच जाणार असतं. खाण्याची ताटलीही जिन्यातून हलवून टाकीजवळ नेली. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ हे मुख्यतः कुत्र्यांसाठी आहेत. पण वसाहतीतल्या प्राण्यांना खायला घालण्याची व्यवस्था रहिवाशांच्या संघटनेने करावी आणि ती जागा जिने, येण्याजाण्याची वाट, मुलांचं खेळणं यांपासून दूर असावी, हे त्यातलं तत्त्व मांजरांना तंतोतंत लागू पडतं.

इथे महापालिकांकडे एक मागणं आहे. कुत्र्यांचा प्रश्न चावण्याचा आहे, रेबीजचा आहे, म्हणून त्याला नियम, केंद्रं आणि निधी मिळाला. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दिल्लीच्या कुत्र्यांवरून जे झालं, आधी सगळ्यांना निवाऱ्यात डांबा आणि अकरा दिवसांनी नसबंदी-लसीकरण करून बहुतेकांना मूळ जागी सोडा, त्याची चर्चा घराघरांत झाली. मांजर सहसा चावायला धावत नाही, मोर्चा काढायला लावत नाही, म्हणून ते कुणाच्याच अंदाजपत्रकात ठळकपणे येत नाही. पुणे महापालिकेने २०२२ मध्ये पाळीव मांजरांच्याही नोंदणीचा निर्णय घेतला. नोंदणी हवीच. इंग्लंडमध्ये तर १० जून २०२४ पासून पाळीव मांजराला कातडीखाली ओळखीची चिप बसवणं सक्तीचं आहे, त्यामुळे चिप असलेल्या मांजराबद्दल ‘माझी कुठली, येतात बिचारी’ असं तिथे म्हणता येत नाही. पण आपल्याकडची निम्म्याहून अधिक अडचण अशा मांजरांची आहे ज्यांचा मालक कागदावर कधीच येणार नाही. त्यांच्यासाठी प्रत्येक नसबंदी केंद्रात आठवड्यातला एक दिवस मांजरांचा ठरवून द्या. सोसायटीने पकडून आणलेल्या मांजराची शस्त्रक्रिया त्या दिवशी मोफत किंवा अल्प दरात करा. पिंजरे अनामत घेऊन वापरायला द्या. एका वॉर्डाच्या खर्चात हे बसतं, आणि त्यामुळे किती पोती, किती डांबर गोळ्या, किती भांडणं वाचतील याचा विचार नगरसेवकांनी करावा. निवडणुकीत मत मागायला येतात तेव्हा मी त्यांना हेच विचारते.

यंदा वाफा चांगला उगवला आहे. जाळी परवाच काढली. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना जिना उतरवत नाही, म्हणून टबाचं काम सध्या माझ्याकडे आणि तिसऱ्या मजल्यावरच्या एका कॉलेजातल्या मुलीकडे आहे. तिची परीक्षा असली की मीच करते. आणि गेल्या महिन्यात बी विंगमध्ये आलेल्या नव्या भाडेकरूंकडे एक पर्शियन बोका आहे, कान अख्खा आहे, आणि रात्री अकरानंतर ते त्याला मोकळं सोडतात. शनिवारी सकाळी अळूच्या कडेला, करवंट्यांच्या पलीकडे, ताजी घाण होती. रविवारी मी त्यांच्या दारात जाणार आहे, कोथिंबिरीची एक जुडी आणि दवाखान्याचा पत्ता घेऊन.